इनासचा प्लूस
इनासची होडी किनाऱ्याला लागल्याचं कळलं, तरी रेजीनाचा कप पालथाच होता. नवरा घरात आल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा तिचा नेम. आणि इनास नेहमीसारखा आधी मित्रांकडे जाऊन बसलेला.

रविवारी बायबलच्या वर्गात फादर म्हणाले, "ग्रीकमध्ये 'प्लूस' म्हणजे समुद्रप्रवास. संत पौलाचा प्लूस संपला, तेव्हा तो तिथल्या ख्रिस्ती बंधूंना भेटला, दिवसभर त्यांच्याकडेच राहिला."

"बघ!" इनासने तिला कोपराने ढोसलं. "संतसुद्धा आधी भावांकडेच!"

"त्यांना बायको नव्हती," रेजीना हळूच म्हणाली. फादरसकट सगळे हसले.

पुढच्या खेपेला इनास ओल्या पायांनी थेट चुलीशी आला. "संपला गो माझा प्लूस! आणि बंधूंनाही इथंच आणलंय."

दारात मित्र ओशाळून उभे होते. रेजीनाने हसत आधी स्वतःचा कप सुलटा केला, मग त्यांचे.