आधीच्या मालकाची सही

तिसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावून जहूर मामू आत वाकले, तेव्हा अमानला कुठं बघावं ते कळेना.

"इंजिन चांगलं आहे," मामू म्हणाले. "पण अफशां शिकवते ती शाळा गराफ्यात. सकाळी त्या सिग्नलला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते ती बघू."

शोरूममधला जियाद लगबगीनं पुढं झाला. या म्हाताऱ्याला गाडीतलं कळतं, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं होतं.

अफशां नवऱ्याच्या दोन पावलं मागं उभी होती. मामूंना सोबत आणायचा हट्ट तिचाच. त्यांना सामान बांधायचं आहे, कशाला त्रास द्यायचा, असं अमाननं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. "त्यांच्या गाडीच्या बदल्यात गाडी येतेय. मग त्यांना विचारायला नको?" एवढंच ती म्हणाली होती.

गाडी खरोखर मामूंचीच. हमद पोर्टच्या गोदामात स्टोअरकीपरची नोकरी करताना त्यांनी मोठ्या हौसेनं घेतलेली डिझेल. अमानला दाभोळहून इकडं आखातात बोलावून घेतलं, व्हिसा काढून दिला, गाड्यांच्या एजन्सीत चिकटवून दिलं, ते मामूंनीच. एअरपोर्टवरून त्याला घरी आणलं ते याच गाडीतून. पुढं अफशां नवी नवरी म्हणून आली, तीही याच गाडीतून.

मग गाडी बनवणाऱ्या कंपनीचं बिंग फुटलं. धुराचे आकडे खोटे दाखवले होते. त्या मॉडेलला बाजारात कुणी हात लावेना. नेमकं त्याच सुमारास मामूंचं कायमचं गावी परतायचं ठरलं. येईल त्या भावात गाडी फुंकून टाकू, असं ते म्हणायला लागले.

अमान त्याच कंपनीच्या एजन्सीत, स्पेअर पार्टच्या काउंटरवर होता. एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या ईमेलवर यादी आली. कंपनी सगळ्या डिझेल गाड्या परत घेणार होती, आणि बदल्यात मालकाला पसंतीची नवी गाडी. जाहीर व्हायला तीन आठवडे होते. तोवर बाहेर बोलायचं नाही. यादीत मामूंच्या गाडीचा नंबर होता. अमाननं यादी छापून घरी आणली आणि दोघांच्या कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी त्यानं मामूंकडे जायला हवं होतं. तो गेला शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर.

गाडी मला द्या, असं तो म्हणाला तेव्हा मामूंनी विचारलं होतं, एवढी बदनाम गाडी घेऊन करणार काय? अफशांला शाळेत जायला होईल, असं त्यानं सांगितलं. मामूंनी खिशातून किल्ली काढली.

"आणखी काही बोलायचंय?"

"नाही मामू."

मामूंनी किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं पुढं केलेलं पैशांचं पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

बातमी पेपरात आली त्या दिवशी मामूंनीच फोन करून मुबारकबाद दिली. तू एजन्सीत असून तुला आधी कळलं नव्हतं का, असंही सहज विचारलं. आम्हालाही पेपरातूनच कळलं, असं अमान म्हणाला. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता. तेव्हापासून मामूंच्या घरावरून जायची वेळ आली की तो लांबचा रस्ता धरायचा.

आता मामू चौथ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होते. पोरंबाळं झाली की जागा लागते, असं ते जियादला हिंदीत समजावत होते. डिकी उघडून पाहिली, स्पेअर टायर हातानं दाबून पाहिला, एक चक्कर मारून आले. परका माणूस असता तर अमानला एवढं जड गेलं नसतं.

"हीच घ्या," मामू अफशांला म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

जियाद कागद घेऊन आला. अमानच्या सह्या झाल्यावर त्यानं आणखी एक फॉर्म काढला. गाडी अलीकडेच दुसऱ्याच्या नावावर झाली असेल, तर आधीच्या मालकाची सही लागणार होती. ते स्वतःच इथं आहेत हे उत्तम झालं, असं तो म्हणाला. प्रश्न एकच होता. गाडी विकताना, कंपनी ती परत घेणार आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? उत्तर 'नाही' असेल, तर नव्या गाडीवर हक्क आधीच्या मालकाचा.

या फॉर्मबद्दल अमानला काहीच माहीत नव्हतं.

मामूंनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून प्रश्न दोनदा वाचला. मग 'होय'वर खूण केली आणि खाली सही केली.

गोदामातला एक खिळासुद्धा कधी घरी न आणलेला माणूस. जन्मात पहिल्यांदा त्यानं खोटं लिहिलं, ते भाच्यासाठी. अमानला ते सोसवेना. जियादनं कागद उचलायच्या आत त्यानं त्यावर हात ठेवला.

"मामू, हे खोटं आहे." तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. यादी आली होती माझ्याकडे. मी तुमच्यापासून लपवली आणि गाडी घेतली. गाडी तुमची आहे."

अफशां जागची हलली नाही. जियादला मराठी कळत नव्हतं. तो दोघांच्या तोंडांकडे बघत राहिला.

मामूंनी चष्मा काढला. अमानचा हात कागदावरून हलकेच बाजूला केला.

"मी कशाला खोटं लिहीन, बेटा?" ते म्हणाले. "तू गाडी मागायला आलास त्याच्या आदल्याच दिवशी अफशां ती यादी दाखवून मला सगळं सांगून गेली होती."