निनावी फोन

सिंगापूरच्या यिशुन भागात मेधाच्या शेजारी राहणाऱ्या रशीदला एका सकाळी पोलीस घेऊन गेले आणि खटला न चालवताच त्याला दोन वर्षं आत ठेवलं. त्याच्या घरी अनोळखी माणसं येतात, असा निनावी फोन मेधानंच केला होता. नवऱ्यालाही तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

रशीद सुटून आला, तेव्हा मनाचा हिय्या करून ती भेटायला गेली. त्याच्या बायकोनं तिला आत घेतलं, जवळ बसवलं आणि हळूच म्हणाली, "फोन कुणी केला, ते आम्हाला ठाऊक आहे."

मेधा उठायला लागली, तसं तिनं हात धरून तिला पुन्हा बसवलं.



"यांच्या धाकट्या भावानं. शेवटपर्यंत नाही नाही म्हणत राहिला. गेल्या वर्षी वारला, पण आमच्यातलं कुणी त्याच्या मातीलाही गेलं नाही."