पुरेसा पश्चात्ताप

शेजारची घरफोडी घांगुर्डेमास्तरांनी फोन करून पोलिसांना कळवली आणि संशयित म्हणून तेच आत गेले. कपाळाला बांधलेल्या पट्टीतून यंत्र पश्चात्ताप मोजत होतं. तो पुरेसा भरला की माणूस घरी. शून्य निघाला की सराईत गुन्हेगार.

“मास्तर, थोडं तरी वाईट वाटू द्या की,” हवालदार गोसावी कळवळून म्हणाले. “कालचा खुनी चहा निवायच्या आत सुटला.”

“अहो, मी काही केलंच नाही, तर वाईट कशाचं वाटू?”

“सराईत असंच म्हणतात.”

शेवटी मास्तरांना आपण केलेला तो फोन आठवला आणि मनापासून पस्तावा झाला. यंत्राचा हिरवा दिवा लागला.

“बघा, सुधारलात!” गोसावी म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शेजारून “वाचवा!” अशी हाक आली. सुधारलेल्या मास्तरांनी उठून खिडकी लावून घेतली.