खुर्शीद पाठवतोय

कापसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर विडी देताना दहादा विचार करतात, गाणी मात्र ब्लूटूथवर फुकट वाटतात. उंद्रीच्या जिनिंग कारखान्यासमोर दुपारी रांग लागली की या गाडीतून त्या गाडीत गाणी सरकत जातात.

त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच नाव आलं : खुर्शीद.

खुर्शीद आमच्यातलाच टेम्पोवाला. पोळ्याच्या सुमारास त्याला कोणीतरी उडवून पळालं, त्यातच तो गेला. मोबाइलचाही चुरा झाला होता.

प्रत्येकाकडे थोडाथोडाच आवाज आला. पहिल्या गाडीत ब्रेक किंचाळला. दुसरीत काच फुटली. तिसरीत खुर्शीद कण्हला, "शेठ, मले दवाखान्यात न्या हो."

"कोणता शेठ बे?" म्हणत अल्तमश टेम्पोतून उतरला. आम्हीही उतरलो.

त्याच्या टेम्पोमागे जीपमध्ये चिंतामणशेठ होते, बीटी बियाण्याचे दुकानदार. खुर्शीदच्या मयतीत सख्ख्या भावाहून जास्त तेच रडले होते. शेठ फुकट काही देत नाहीत, म्हणून ते रडणं माझ्या लक्षात राहिलं.

"काऊन शेठ, घाम फुटला?" अल्तमशने विचारलं.

"ऊन किती आहे, बाबा!" शेठनी मोबाइलची बॅटरीच काढून ठेवली.

लगेच सगळे मोबाइल वाजले. शेवटचा तुकडा आला होता. पाठवणाऱ्याचं नाव : चिंतामणशेठ.

त्यात शेठ पुटपुटत होते, "हा वाचला तं नाव सांगेल माहं." मग जीपचा रिव्हर्स गिअर पडला आणि खुर्शीदचं कण्हणं थांबलं.

शेठ दाराशी झटू लागले. दार उघडेना.

आम्ही सगळे खालीच उभे होतो. तरी जीपपुढच्या टेम्पोत, अल्तमशच्या रिकाम्या केबिनमध्ये रिव्हर्स गिअर पडला.