दीर्घायुष्याचं कारण

१९९७ साली कर्जतजवळच्या एका वस्तीवर पुण्याच्या औषध कंपनीचे एक तरुण डॉक्टर आले. म्हातारपण लांबवणारं औषध शोधायचं होतं, म्हणून त्यांना शंभरीला टेकलेल्या हौसाबाई भिंगारदिवे यांचं रक्त हवं होतं. हौसाबाईंनी शेंगा फोडणं थांबवून हात पुढे केला.

"एवढा पैसा कोण लावतंय?" नात सीमानं विचारलं. ती कॉलेजात शिकवायची.

डॉक्टर जरा घुटमळले. "सरकारचं गुप्तचर खातं. पण पैसा कुणाचाही असो, औषध निघालं तर भलं सगळ्यांचंच होईल."

"मंग आमच्या सरकारी दवाखान्यात मिळंल का ते?" हौसाबाई म्हणाल्या.

"ते मला सांगता येणार नाही, आजी. संशोधन गुप्त आहे."

हौसाबाईंनी हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. "मंग माझं रगात बी गुप्तच ऱ्हाऊ दे."

डॉक्टर हिरमुसले. सुई परत पेटीत ठेवत म्हणाले, "निदान एवढं तरी सांगा, इतकी वर्षं कशाच्या जोरावर जगलात?"



"गायरानाच्या जमिनीसाठी मोर्चे काढले म्हनून तुमच्या त्याच खात्यानं माझ्या पाळतीवर मानसं ठेवली हुती, ती समदी म्हातारी हून मेली, पर जमीन नावावर झाल्याबिगर मी काय मरत न्हाई, जाऊन सांगा तुमच्या सायबाला!"