दहा वर्षांची बॅटरी

“अहो रझियाताई, नाना ठीक आहेत! त्यांचं हृदय चालू आहे, मला इथं मोबाइलवर दिसतंय,” असं केतकी सकाळी पुण्याहून वडिलांच्या शेजारणीला ठासून सांगत होती. तरी “परवापासून दार उघडलेलं नाही” हे ऐकून ती गुहागरला धावली.

दार फोडलं, तर नाना आरामखुर्चीत बसलेले, डोळे उघडे, हात बर्फासारखा गार. केतकीनं त्यांच्या छातीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आत यंत्राचं हृदय ठेक्यात चाललं होतं!

त्या हृदयाची बॅटरी तिनंच शोधून काढलेली. चार्ज होताना बॅटरीतलं सिलिकॉन फुगतं आणि तडकतं. केतकीनं ते तडकणं थांबवलं होतं. एकदा चार्ज केली की दहा वर्षं बघायला नको. आधीची बॅटरी रोज चार्ज करावी लागायची, तेव्हा केतकी रोज संध्याकाळी फोन करायची, “नाना, चार्जिंगला लावलंत का?” मग तासभर गप्पा व्हायच्या. नवी बॅटरी बसली आणि विचारायचं काही उरलंच नाही.

नानांच्या मुठीत जुन्या चार्जरची वायर होती. भिंतीवरचं बटण चालू होतं.

“रोज संध्याकाळी ती धरून बसायचे,” रझियाताई म्हणाल्या. “म्हणायचे, आता केतकीचा फोन येईल.”