रक्त आलं

साडेदहा वाजले होते. अकराला कंडक्टरबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा काढायचा होता. कागदावर सही झाली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"नेण्याआधी एकदा पट्टी सोडून बघते," ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी स्टूल पायाशी ओढलं.

"आता कशाला छळता तिला?" नणंदबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "जायचं ते जाणारच आहे."

बावीस वर्षं बाई बसमध्ये उभ्या राहिल्या होत्या. बुटातला खिळा दोन दिवस तळव्यात रुतत राहिला, पण त्यांना पत्ताच नाही. साखरेनं पायाची जाणीवच नेली होती. अंगठ्याखाली बाटलीच्या झाकणाएवढा खड्डा पडला, काळा, वास मारणारा. तीन आठवडे सिस्टर रोज तिथलं मेलेलं मांस खरवडून काढत होत्या. रक्ताचा टिपूस येत नव्हता. मोठ्या डॉक्टरांकडून त्यांनी दोनदा मुदत मागून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळाली नाही.

पट्टीचा शेवटचा थर चिकटला होता. सिस्टरांनी तो भिजवला, थांबल्या, अलगद उचलला. मग ओल्या कापसानं खड्डा पुसला.

कापूस लाल झाला.

"अगं बाई, रक्त!" चुकून मागे वळलेल्या नणंदबाई किंचाळल्या.

"आलं ना?" सिस्टर उठून उभ्याच राहिल्या. "रक्त आलं! खालचं मांस जिवंत आहे! मोठ्या डॉक्टरांना बोलवा कुणीतरी. पळत या म्हणावं!"

डॉक्टर डोक्याला टोपी बांधूनच आले. वाकले. खड्ड्याच्या तळाशी डाळिंबाचे दाणे पेरावेत तसं ताजं मांस भरून आलं होतं, आणि कडेनं नव्या कातडीची निळसर पांढरी रेघ आत सरकू लागली होती. त्यांनी कागदी पट्टीनं जखम मोजली. पुन्हा मोजली.

"हाडाचा परवाचा फोटो स्वच्छ आहे?"

"स्वच्छ."

"आणि ही कड कधीपासून?"

"काल वाटलं होतं, सर. भास असेल म्हणून गप्प बसले."

डॉक्टरांनी खाटेला लटकवलेला सहीचा कागद काढला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारली. "बाईंना चहा द्या," ते म्हणाले. "बिनसाखरेचा."

"म्हणजे अंगठा?" बाईंनी विचारलं.

"जागच्या जागी. पण दोन महिने त्यावर भार टाकायचा नाही. उभं राहायचं नाही."

"नाही राहणार! बावीस वर्षं लोकांनाच बसवलं. आता मी बसते."

नणंदबाई खाली फरशीवरच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"सिस्टर, मला दाखवा," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांनी जखमेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सिस्टरांनी तळव्याखाली छोटा आरसा धरला. बाई बघत राहिल्या. लाल, ओलं, चकाकणारं.

"केवढं भरलंय हो! कुठून आणून लावलंत?"

"आम्ही कुठून आणणार?" सिस्टर म्हणाल्या. "सगळं तुमचंच आहे. आम्ही नुसतं पुसत होतो."